जुळलेला हिशेब

गेल्या वर्षी लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी सांगलीतल्या एका हळदीच्या अडत दुकानात मोठाच पेच पडला. चौरंग मांडला होता, केळीचे खांब बांधले होते, लाह्या-बत्तासे तबकात होते, आणि पूजा सांगता सांगता गुरुजी "आता वही पुढे घ्या" या वाक्याशी येऊन थांबले. मालकांच्या चिरंजीवांनी इकडे पाहिले, तिकडे पाहिले. वही नव्हतीच! पेढीचा सारा व्यवहार गेली कित्येक वर्षे संगणकात. शेवटी त्यांनी आतून लॅपटॉप आणून चौरंगावर ठेवला. गुरुजी काळाबरोबर चालणारे होते. त्यांचा प्रश्न एवढाच की 'श्री' काढायचा तो पडद्यावर की पाठीवर? बराच खल होऊन पाठीवर गंधाचे स्वस्तिक निघाले. अक्षता पडल्या, त्यांतल्या दोन-चार कळफलकाच्या फटींत गेल्या, आणि चिरंजीवांचा चेहरा उतरला.

आमचे अण्णा शेजारीच बसले होते. याच पेढीवर त्यांनी अडतीस वर्षे दिवाणजी म्हणून काम केले; आता ऐंशीच्या घरात आहेत, तरी लक्ष्मीपूजनाला त्यांना गाडी पाठवून बोलावतात. पूजा आटोपल्यावर ते हळूच मला म्हणाले, "यंत्राला गंध लावले, चांगले झाले. पण याचे पहिले पान कोणते ग?"

मी हसले, पण तो प्रश्न काही माझ्या डोक्यातून जाईना. मी साताऱ्याला महाविद्यालयात मराठी शिकवते. संगणकाविषयी बोलण्याचा माझा अधिकार नव्या सुनेला सासरच्या दागिन्यांविषयी असतो तेवढाच. पाहिलेले पुष्कळ, हाती काही नाही. पण हिशेबाच्या घरात मी वाढले आहे. व्यापार म्हणजे माल आणि पैसा ही आपली समजूत किती अपुरी आहे, हे मला लहानपणीच दिसले होते. हळदीचे पोते वखारीत हलत नाही, ते पडून असते. दिवसभर हलते ती माहिती : कोणाचे पोते, कोणत्या गावचे, वजन किती, भाव काय फुटला, उचल किती दिली होती, बाकी किती राहिली. ही माहिती ज्याच्या हाती, त्याच्या हाती व्यापार.

माझे आजोबाही पेढीवरच होते, आणि त्यांच्या वह्या मोडीत असत. ते सांगत की त्यांच्या तरुणपणी कित्येक बाजारांत भाव तोंडाने बोलतच नसत. घेणारा आणि दलाल एकमेकांचे हात रुमालाखाली धरत आणि बोटे दाबून आकडा ठरवत. ज्या शेतकऱ्याचा माल, तो समोर उभा. त्याला दिसे फक्त हलणारा रुमाल! आजोबा ते हावभाव करून दाखवीत तेव्हा आम्हा मुलांना मोठी मौज वाटे. त्या मौजेच्या पोटात काय दडले होते, ते पुढे कळले. पुढे बाजार समित्या आल्या, महाराष्ट्राचा १९६३ चा बाजार कायदा आला, आणि उघड लिलावाची रीत पक्की झाली. माझ्या दृष्टीने आपल्याकडच्या व्यापारातली माहितीची पहिली क्रांती ती. एक रुमाल दूर झाला, एवढेच; पण केवढे!

यंत्राचे येणे त्यामानाने अलीकडचे. धंद्याच्या रोजच्या कामाला संगणक प्रथम जुंपला तो कोणी? बँकेने नव्हे, की पोलादाच्या कारखान्याने नव्हे. लंडनच्या जे. लायन्स आणि कंपनी या चहा-केकच्या दुकानदारांनी, १९५१ च्या नोव्हेंबरात! त्यांच्या यंत्राचे नाव 'लिओ'. पाव आणि केक तयार होतात त्यांची किंमत काय पडते, याचे गणित त्याला दिले होते. आपल्याकडे १९८६ साली बंगळूरच्या एका पितापुत्रांनी काढलेली कंपनी पुढे 'टॅली' या नावाने घरोघरच्या पेढ्यांवर पोचली, आणि १ जुलै २०१७ ला वस्तू व सेवा कर लागू झाल्यावर तर वहीवर अडून बसलेल्यांनाही यंत्रापुढे बसावे लागले. कीर्द, खतावणी, तेरीज हे शब्द मागे पडले. मी वर्गात सांगते की 'जमा' अरबी आहे आणि 'खर्च' फारसी, तेव्हा मुले आश्चर्य करतात. इंग्रजी 'डेटा'साठी मराठीत 'विदा' असा शब्द सुचवला गेला आहे हे सांगितले, तर त्याहून जास्त आश्चर्य करतात.

असो. मला सांगायची आहे ती हकीकत २००५ सालची.

त्या वर्षी कृष्णेला महापूर आला. सांगलीकरांना पूर नवा नाही. पण त्या वेळचे पाणी भलतेच चढले. शेजारच्या हरिपूरला हळदीची पेवे आहेत. जमिनीत वीस-पंचवीस फूट खोल, तोंडाशी अरुंद आणि पोटात रुंद असे हे मातीचे रांजणच म्हणा ना. त्यांत हळद वर्षानुवर्षे कीड न लागता राही. त्या पेवांत पाणी शिरले. ज्या जमिनीच्या भरवशावर पिढ्यान्‌पिढ्या व्यापार चालला, तिनेच दगा दिला.

आमच्या पेढीचे दप्तर मालकांच्या नदीकडच्या वाड्यात, तळमजल्यावर असे. पाणी ओसरल्यावर अण्णांबरोबर मीही गेले. मला नुकतीच तासिकेवरची नोकरी लागली होती. कपाट उघडले तो चिखलाचा लोट पायांवर आला. लाल कापडी बांधणीच्या वह्या फुगून एकमेकींना चिकटल्या होत्या. अण्णांनी एक उघडली. निळी शाई साऱ्या पानावर पसरली होती; आकडे विरघळून आकाशासारखा एक रंग तेवढा उरला होता. चालू सालाची आणि मागल्या तीन सालांची खतावणी गेली. अण्णा त्या चिखलात खाली बसले. माझ्या वडिलांना मी तसे बसलेले त्याआधी पाहिले नव्हते आणि त्यानंतरही नाही.

दोनशेच्यावर शेतकऱ्यांची खाती. कोणाला देणे, कोणाकडून येणे, सारे त्या निळ्या पाण्यात. मालक म्हणाले, "दिवाणजी, तुमच्या डोक्यात जेवढे आहे तेवढे लिहून काढा." अण्णांनी दोन रात्री बसून लिहिले. त्यांची स्मरणशक्ती गावात प्रसिद्ध होती. पण तिसऱ्या दिवशी ते म्हणाले, "डोक्यातला हिशेब हा हिशेब नव्हे. ज्यांचे पैसे त्यांनाच विचारू."

मग गावोगाव निरोप गेले. तुमच्याजवळ पट्ट्या असतील तर घेऊन या. माल विकला की अडत्या शेतकऱ्याला जी हिशेबपट्टी देतो, तीत वजन, भाव, हमाली, तोलाई, उचल, सगळे मांडलेले असते. लोक आले. कोणी पट्ट्या प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून आणल्या, कोणी पत्र्याच्या डब्यात, कोणी देवाच्या तसबिरीमागून काढून. एका म्हातारीने लुगड्याच्या घडीतून काढल्या. तिला वाचता येत नव्हते, पण तिने कागद लागोपाठच्या वर्षांचे लावून ठेवले होते. दीड महिन्यात खतावणी पुन्हा उभी राहिली. पेढीचे दप्तर बुडाले होते. पण त्याची प्रत दोनशे घरांत, दोनशे हातांत होती.

आणि त्या कामात एक गोष्ट निघाली, जी अण्णांना पुरापेक्षाही जास्त लागली.

एका गावचे एक शेतकरी आपल्या पट्ट्या घेऊन बसले होते. अण्णा बेरीज करीत होते. ती काही त्यांच्या आठवणीशी जमेना. दोन वर्षांपूर्वीची एका पट्टीवरची रक्कम या माणसाला मिळाल्याचे त्यांना स्मरत नव्हते, आणि त्या माणसालाही. "तुमच्याकडे ठेवलीय म्हनलं, लागंल तवा घेईन," ते म्हणाले. पुष्कळ शोध केल्यावर उलगडा झाला. त्याच गावात त्याच नावाचे, त्याच आडनावाचे दुसरे एक गृहस्थ होते. त्यांचेही खाते पेढीवर होते. अण्णांनी खतावताना एकाची रक्कम दुसऱ्याच्या नावे जमा केली होती. त्या दुसऱ्याची उचल चालू असल्यामुळे ती रक्कम तिच्यात वळती झाली. बोलावल्यावर ते गृहस्थ म्हणाले, "मला वाटलं, औंदा हळदीला भाव बरा लागला!"

आता पाहा. त्या वर्षाची तेरीज जुळली होती. पैशाचा फरक नव्हता. जमा तितकीच, नावे तितकेच. वह्या सुरक्षित राहिल्या असत्या, तर ती चूक जन्मात सापडली नसती. कारण वहीच्या दृष्टीने ती चूक नव्हतीच. मालकांनी त्या शेतकऱ्याचे पैसे तेव्हाच चुकते केले. अण्णा म्हणाले, माझ्या पगारातून कापा. मालकांनी ऐकले नाही. त्या रात्री घरी अण्णा जेवले नाहीत. आईने कारण विचारले तर एवढेच म्हणाले, "आजवर मला वाटे, हिशेब जुळला म्हणजे खरा झाला. जुळलेला हिशेबही खोटा असू शकतो."

पुढच्या पाडव्याला पेढीवर संगणक आला. अण्णांनी विरोध केला नाही. उलट, तोवर न दिलेली एक गोष्ट त्यांनी मागून घेतली : प्रत्येक खात्याला स्वतंत्र क्रमांक. एकाच नावाची दोन माणसे यंत्राला तरी एक वाटू नयेत. यंत्राचा हा गुण त्यांनी मनापासून मानला.

या हकीकतीला जोडूनच मला वारणाकाठ आठवतो, आणि आठवायला कारणही आहे. हरिपूरच्या संगमेश्वराच्या देवळापाशी कृष्णेला जी नदी मिळते, ती वारणाच. तिच्या काठाने वर गेले की डाव्या हाताला कोल्हापूर जिल्हा आणि उजव्या हाताला सांगली, आणि दोन्हीकडे ऊसच ऊस. आमचे मामा वाळवे तालुक्यातले. वारणेच्या त्या टापूत १९९८ साली एक मोठा प्रयोग झाला. केंद्र सरकार, महाराष्ट्र सरकार आणि वारणेचा सहकारी समूह यांनी मिळून दोन्ही जिल्ह्यांतली सुमारे सत्तर गावे संगणकांनी जोडण्याचे ठरवले. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने, म्हणजे एनआयसीने, त्याची आखणी केली. गावात बसल्या जागी शेतकऱ्याला बाजारभाव कळावेत, शेतीचा सल्ला मिळावा, मुलांना शिक्षण मिळावे, सरकारी कागद मिळावेत, अशी ती भव्य कल्पना. तेव्हा देशभर तिचे कौतुक झाले.

काही वर्षांनी अभ्यासक तेथे गेले, तेव्हा त्यांना निराळेच चित्र दिसले. भव्य योजलेले बरेचसे कागदावर राहिले होते. गावातल्या संगणकाचा उपयोग होत होता तो मुख्यतः एकाच कामाला, उसाच्या हिशेबाला! लागणीची नोंद झाली का, तोड कधी येणार, किती टन भरला, बिल किती झाले. ज्याने ऊस लावला आहे त्याला विचारा म्हणजे या चार प्रश्नांचे महत्त्व कळेल. तोड आठ दिवस पुढे गेली की उसाला तुरे येतात, वजन घटते. लागणीच्या नोंदीवर तोडणीचा क्रम लागतो. म्हणून पूर्वी चिटबॉयच्या मागे फिरण्यात माणसांचे जोडे झिजत. मी एकदा मोठ्या उत्साहाने मामांना विचारले होते, "मामा, आता तुम्हाला गावात बसून दिल्लीचे भाव कळतील ना?" मामा म्हणाले, "दिल्लीचा भाव कळून काय करू बाई? माझं टनेज किती पडलं तेवढं सांग."

पुढे मायक्रोसॉफ्टच्या बंगळूरच्या संशोधन संस्थेने तेथेच आणखी एक प्रयोग केला. त्याचा निबंध २००७ साली प्रसिद्ध झाला. सात गावांत आठ महिने त्यांनी केंद्रावरच्या संगणकाऐवजी साधा मोबाईल वापरला. शेतकऱ्याने लघुसंदेश पाठवायचा, उसाची माहिती लघुसंदेशानेच परत यायची. निष्कर्ष असा की ही पद्धत स्वस्त पडली, सोयीची ठरली आणि शेतकऱ्यांना ती जास्त पसंत पडली. मोठे यंत्र काढून लहान यंत्र बसवले आणि लोक खूश झाले! कारण उघड आहे. मोठे यंत्र दुसऱ्याच्या टेबलावर होते. लहान यंत्र आपल्या खिशात होते. देवाच्या तसबिरीमागे ठेवलेल्या पट्टीचेच हे नवे रूप.

तिसरी गोष्ट आमच्या सातारा जिल्ह्याची, माण तालुक्याची. वारणाकाठच्या हिरव्या गालिच्यावरून माणच्या माळावर यायचे म्हणजे डोळ्यांना चटका बसतो. पाऊस रुसलेला, माणसे मेंढरामागे नाही तर मजुरीला. तेथे म्हसवडला चेतना सिन्हा यांनी बायकांची सहकारी बँक काढायचे ठरवले. रिझर्व्ह बँकेकडे अर्ज गेला तो नामंजूर झाला. का, तर अर्जावर सह्यांच्या जागी अंगठे होते! निरक्षर बायकांनी बँक कशी चालवायची, हा प्रश्न. त्या बायका खचल्या नाहीत. त्यांनी अक्षरे गिरवायला सुरुवात केली आणि काही महिन्यांनी पुन्हा अधिकाऱ्यांसमोर जाऊन उभ्या राहिल्या. चेतनाताईंनी ही हकीकत जाहीर भाषणांत सांगितली आहे : बायका म्हणाल्या, आम्हाला वाचता येत नसेल, पण हिशेब येतो, कोणत्याही रकमेचे व्याज विचारा, आणि तुमच्या साहेबांनाही यंत्राशिवाय करायला सांगा, पाहू कोण आधी करते! १९९७ साली माणदेशी महिला सहकारी बँकेला परवाना मिळाला.

मला त्या कथेचा पुढचा भाग अधिक मोलाचा वाटतो. बँक आली, पासबुके आली, आणि तक्रारीही आल्या. घरात पासबुक सापडले की नवरा शिल्लक पाहतो आणि पैसे मागतो. म्हणजे नोंद आहे, खरी आहे, बाईच्या हातात आहे. पण ती चुकीच्या डोळ्यांना दिसते. मग कार्ड आले आणि त्याच्याबरोबर गुप्त आकडा. बायकांनी तोही नापसंत केला. शिकल्यासवरल्या लोकांना वाटले, यांना आकडा लक्षात राहत नसेल. तसे नव्हते. आकडा कोणीही चोरू शकतो, असे त्यांचे म्हणणे. अंगठा कोण चोरणार? अंगठ्याला खाते जोडा! ज्या अंगठ्यापायी पहिला अर्ज परत आला, तोच अंगठा शेवटी तिजोरीची किल्ली म्हणून बायकांनीच सुचवला. यंत्र बनवणाऱ्याने यंत्र बनवले; पण ते कोणासाठी आणि कोणापासून, हे माणदेशच्या शेळ्या राखणाऱ्या बाईने सांगितले.

या तीन गोष्टी शेजारी शेजारी ठेवल्या की मला एकच गोष्ट दिसते. व्यापारातली माहिती कागदावर असो की यंत्रात, तिच्याविषयी पहिला प्रश्न 'ती जुळते का' हा नसून 'ती ज्याच्याविषयी आहे त्याला दिसते का' हा आहे. रुमालाखालचा आकडा अचूकच असे. आमच्या अण्णांची तेरीजही जुळलीच होती.

यंत्राने केलेला उपकार नाकारावा, असा मात्र माझा मुळीच हेतू नाही. सांगलीची हळद देशभर नावाजलेली; २०१८ साली तिला भौगोलिक मानांकनही मिळाले. या हळदीचा भाव पूर्वी पेढीवरच्या फोनला कळे, आणि फोन मालकाच्या गादीशी असे. २००३ साली स्थापन झालेल्या एनसीडीईएक्स या बाजारात हळदीचे वायदे होऊ लागले, आणि निजामाबादेत काय चालले आहे ते वाळव्याच्या बांधावर दिसू लागले. १४ एप्रिल २०१६ ला २१ बाजार समित्यांवर सुरू झालेली ई-नाम ही योजना आज हजाराहून जास्त बाजारांत पोचली आहे. दुसऱ्या गावचा व्यापारी पडद्यावरून बोली लावू शकतो. २०१७ पासून गोदामाची पावतीही इलेक्ट्रॉनिक झाली. माल वखारीत ठेवून त्या पावतीवर बँकेचे कर्ज काढता येते, पडत्या भावात विकावा लागत नाही. आणि भडंगाच्या गाडीवरसुद्धा चौकोनी काळे ठिपके टांगलेले आहेत; सुट्ट्या पैशांची वादावादी संपली.

२०१९ च्या ऑगस्टात कृष्णा पुन्हा कोपली. आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट. पाणी ५७ फुटांच्या वर गेले. २००५ चा पूर लहान वाटावा असा तो पूर होता. पेढीत पुन्हा चिखल झाला. पण या वेळी हिशेबाचा एक आकडा हरवला नाही. सगळे दप्तर दूर कोठल्याशा शहरातल्या यंत्रावर आपोआप साठवलेले होते. चिरंजीवांनी नवे यंत्र आणले, सांकेतिक शब्द घातला, आणि चौदा वर्षांपूर्वी ज्याला दीड महिना लागला ते काम अर्ध्या तासात झाले. अण्णा शेजारी उभे राहून पाहत होते. त्यांचे डोळे भरून आले. म्हणाले, "आमच्या वेळी हे असते तर!"

मग या वर्षी त्यांना पहिल्या पानाची आठवण का व्हावी? ते त्याच लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी कळले.

प्रसाद वाटणे चालू असताना एक वृद्ध शेतकरी आत आले. अण्णांना ओळखून त्यांनी पायांना हात लावला. मग बंडीच्या खिशातून एक लहान गुळगुळीत कागद काढून चिरंजीवांपुढे धरला. "मालक, ही गेल्या शिमग्याची पट्टी. बाकी किती ते बघा की." कागद कोरा होता. उलटून पाहिला, मागेही कोरा. यंत्रातून निघणाऱ्या त्या उष्णतेच्या छपाईचा हा स्वभावच आहे. ऊन लागले, घाम लागला, की अक्षरे उडून जातात. म्हाताऱ्याने बिचाऱ्याने तो इतके महिने जिवापाड जपला होता.

चिरंजीव फार सज्जन आहेत. त्यांनी लगेच यंत्र उघडले, खाते काढले, आकडा सांगितला, नवी पट्टीही काढून दिली. म्हातारा म्हणाला, "तुमच्या मिशनीत आहे तेच खरं. आमाला काय कळतंय?" आणि प्रसाद घेऊन निघाला.

अण्णा गप्प झाले. गाडीत बसल्यावर म्हणाले, "दोन हजार पाचला तो माणूस आला होता. तेव्हा त्याने पट्टी टेबलावर ठेवली आणि मला म्हणाला होता, दिवाणजी, तुमचं चुकलंय, ही बघा." थोडा वेळ थांबून म्हणाले, "आज तो म्हणतो, तुमचं तेच खरं."

मी म्हटले, "अण्णा, पण आज चूक कुठे होती? हिशेब बरोबरच होता की."

"तो बरोबर असला तर त्याला कळले कसे?"

या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते. आजवर पेढीपाशी एक प्रत होती आणि शेतकऱ्यापाशी एक. पुरात पेढीची बुडाली तेव्हा शेतकऱ्याची कामी आली. आता पेढीची प्रत कधीच बुडणार नाही अशी झाली. आणि शेतकऱ्याची उन्हात उडू लागली. जगाचा भाव त्याच्या तळहातावर आला, पण स्वतःचे खाते मात्र दुसऱ्याला विचारावे लागते. आणि हे त्या एकट्याचेच आहे का? आपण शहरातली माणसे बँकेची, विम्याची, विजेची, दुकानाची किती खाती बाळगतो! त्यांतली किती आपण ताडून पाहतो? पडद्यावर आकडा येतो आणि आपणही मनात म्हणतो, तुमच्या मशिनीत आहे तेच खरे. लुगड्याच्या घडीत पट्ट्या जपणारी ती निरक्षर म्हातारी आपल्याहून हिशेबी नव्हती का?

पाडव्याच्या सकाळी अण्णा स्वतःच पेढीवर गेले. मी बरोबर होते. चिरंजीवांना त्यांनी सारे समजावून सांगितले. मला वाटले होते, तरुण माणूस, हसण्यावारी नेईल. पण ते नीट ऐकून घेऊन म्हणाले, "अण्णा, संदेश जातो प्रत्येकाला मोबाईलवर. पण खरे आहे, कितीजण तो वाचतात कोणास ठाऊक." मग दोघांनी मिळून एक तोड काढली. संदेश जाईल तो मराठीत, आणि त्यात वजन, भाव, कपात आणि बाकी वेगवेगळी दिसेल. शिवाय ज्याला हवे त्याला एक लहान खातेपुस्तिका. पट्टी निघाली की तिच्यातल्या या चार गोष्टी शाईने त्या पुस्तिकेत लिहून द्यायच्या. काम वाढेल, हे चिरंजीव बोलून गेले. पण पुस्तिका मागवल्या. शाई मात्र पाण्याने न विरघळणारी घ्या, एवढी सूचना मी केली. तेवढेच माझे या शास्त्रातले योगदान.

आणि मग पहिल्या पुस्तिकेचे पहिले पान उघडून अण्णांनी ते चिरंजीवांपुढे सरकवले. चिरंजीवांनी वर 'श्री' काढला, खाते क्रमांक घातला, शेतकऱ्याचे नाव आणि आडनाव लिहिले, आणि लेखणी ठेवू लागले.

"थांबा," अण्णा म्हणाले, "नाव पुरे लिहा. वडिलांच्या नावासकट."